एका बाजूची धार

आषाढातली दुपार होती. खाडीवर राखी उजेड पसरला होता, भिजल्या रेशमासारखा जड आणि मऊ. भरतीचं पाणी कांदळवनाच्या मुळांतून गढूळ होऊन वर चढत होतं. माडांच्या झावळ्या सरींनी विंचरून सरळ केल्या होत्या. आणि त्या चढत्या जळाच्या काठावर, अर्धी मुळं मातीत, अर्धी मुळं वाऱ्यावर, एक जरठ आम्रवृक्ष पाण्याकडे कलून उभा होता.

वाडी त्याला येसूकाकीची बिटकी म्हणे. कलमी नव्हे, रायवळ. कुणी लावला नाही, कुणी राखला नाही. कुणाच्या हातून पडलेल्या कोयीतून आपला आपण उगवलेला. फळ लिंबाएवढं, सालीवर शेंदराचा हात फिरलेला, रस मधाळ, आणि मधाच्या तळाशी आंबटाची एक बारीक कळ. येसूकाकी मोहरी वाटून, गूळ घालून त्या फळांचं सासव करी, तेव्हा खालच्या वाटेने जाणारा माणूस पाऊल उगाच हळू करी. असा आंबा दुसरा नव्हता.

आणि हा आंबा जाणार होता. दर भरती त्याच्या पायाखालची मूठभर माती नेत होती. यंदाचा चौमास तो काढणार नाही, हे खाडीला ठाऊक होतं, वाडीला ठाऊक होतं, येसूकाकीला तर सर्वांआधी ठाऊक होतं.

म्हणून ती द्रौपदीच्या दारी आली होती. द्रौपदी वाडीची कलमं बांधणारी. तिने जोडलेल्या काड्यांना पालवी फुटली नाही असं सहसा होत नसे. बिटकीच्या चार काड्या कोयीच्या रोपांवर बांधून दे, एवढंच येसूकाकीचं मागणं. झाड गेलं तरी झाडाचा जीव मागे राहावा.

फक्त त्यांना माझा हात लागू देऊ नको, म्हणाली.

कारण येसूकाकीच्या घरात दोनदा पाळणा टांगला गेला होता आणि दोनदा रिता उतरवला गेला होता. त्या गोष्टीला आता केस पिकले होते, पण तिच्या मनात ती अजून ओलीच. त्यानंतर तिने अंगणात काही लावलं नाही. तुळससुद्धा शेजारणीकडून लावून घेतली. बिटकी जगली ती आपल्या हातची नव्हती म्हणूनच, असं ती हसत हसत सांगे. आणि ऐकणारीला त्या हसण्याकडे पाहवत नसे.

पण वाडीची रीत वेगळी होती. घरच्या झाडाचं कलम असलं की रोप घरच्या बाईने धरायचं. सुरी बांधणारीची, आधार घरधनिणीचा. येसूकाकीने पदराखाली हात लपवले. द्रौपदीने हसून ते बाहेर काढले आणि मातीची पिशवी त्या सुरकुतल्या ओंजळीत ठेवली. धरा काकी, म्हणाली, काय होत नाही.

काय होत नाही. हे शब्द नंतर द्रौपदीच्या छातीत काट्यासारखे राहणार होते.

*

सुरी द्रौपदीच्या सासऱ्यांची होती. शिसवी मूठ, वितीपेक्षा लहान पातं. त्या पात्याची एक बाजू उताराची आणि दुसरी बाजू सपाट, वारा पडल्यावरच्या तळ्यासारखी सपाट. धार असायची ती उताराच्या बाजूलाच. सपाट बाजू लाकडाला टेकायची आणि सुरी सरळ चालायची, जशी दोरी ताणून आखलेली रेघ.

सासरे ती निसण्यावर लावत. काळा, लांबट, मधून जरा खोल झालेला तो धारेचा दगड. त्यावर ओंजळीतलं पाणी, पाण्यावर लोखंड, लोखंडावर तीन बोटं. उताराची बाजू टेकवून पुढे, हलकेच मागे. पुढे, हलकेच मागे. पात्याच्या कडेला केसाहून बारीक लोखंडी लव उमटली की सुरी उलटी करायची, सपाट बाजू दगडावर पूर्ण निजवायची आणि एकदाच फिरवायची, निजल्या लेकराच्या गालावरून बोट फिरवावं तशी. मग चामड्याच्या पट्ट्यावर चार हात. त्या सपाट बाजूला दगडाने नुसती विचारपूस करायची, उकरून काढायची नाही, असं ते सांगत. सांगत काय, करून दाखवत.

सासरे गेले. निसणा राहिला. आणि द्रौपदीच्या मनगटात कळा येऊ लागल्या.

ज्येष्ठात तालुक्याच्या गावी शेतीचा मेळावा भरला होता. मांडवात एका मेजावर धार लावायच्या नाना चिजा मांडल्या होत्या. ठिणग्यांची फुलबाजी उडवणारं विजेचं चाक. चांदीसारख्या चमकणाऱ्या पट्ट्या. तेल पिणारे तांबूस दगड. आणि एक लाल डबी, तिच्या पोटात दोन पोलादी चकत्या, आणि चकत्यांच्या मधोमध एक फट.

विकणाऱ्याची जीभ मधात बुडवलेली. ताई, घासायचं नाही, भिजवायचं नाही, कोन धरायचा नाही. फटीत पातं घाला आणि ओढा. त्याने सुरी मागितली. द्रौपदीने कमरेची काढून दिली. त्याने ओढली, आणि त्या सुरीने हवेत धरलेला कागद चिरला, सर्रकन, जसा घारीच्या पंखाने वारा चिरावा. त्याच्या मनगटावरची लव सुरीने अशी उतरवली की कातडीला पत्ता लागला नाही.

बायका हरखल्या. वाडीची एक ठसकेबाज बाई म्हणाली, "ह्या सुरीन आधी घोवाची दाढी कर गो, मगे आंब्याची." हशा पिकला. त्या हशात द्रौपदीने लाल डबी घेतली. घरी आल्यावर रांजण डुगडुगत होता. निसणा त्याच्याखाली टेकू म्हणून गेला.

पण त्या डबीने पातं दोन्ही बाजूंनी तासलं होतं. कागदाला ते कळत नाही. केसाला ते कळत नाही. कळतं ते फक्त लाकडाला.

*

येसूकाकीने रोप धरलं होतं. रोपाची पानं तांबूस, मऊ, नवजात. द्रौपदीने शेंडा छाटला, मधोमध चीर दिली. मग बिटकीची काडी घेतली, तिच्या टोकाला पाचर करायची म्हणून सुरी लावली, आणि सुरी वळली.

किंचित. नदी वळते तशी नाही, नजर वळते तशी. सरळ जायचं सोडून पातं लाकडातून बाहेर यायला पाहू लागलं. पाचरीचं अंग सपाट उतरलं नाही; मधे एक हलकी खोलण राहिली, चमच्याच्या पोटासारखी. द्रौपदीने काडी चिरेत बसवली. कडा कडांना लागल्या. पण मधोमध, जिथे लाकडाने लाकडाला भेटायचं, जिथे एका रसाने दुसऱ्या रसाला हाक द्यायची, तिथे उजेडाचा एक धागा दिसला.

तिने तो पाहिला.

पुढे जे झालं ते सगळं एवढ्यात आहे: तिने तो धागा पाहिला, आणि प्लास्टिकची पट्टी त्याच्यावरून गुंडाळली. एक वेढा. दुसरा वेढा. घट्ट, आणखी घट्ट, उजेड मुका होईपर्यंत. चारचौघी जमल्या होत्या, सुरीचं कौतुक चाललं होतं, नव्या डबीची चौकशी चालली होती. थांबते म्हणायचं, सुरी बिघडली म्हणायचं, आत जाऊन रांजण हलवायचा, निसणा काढायचा. त्याला लागलं असतं ते एक वाक्य. ते जिभेवर आलं आणि आवंढ्याबरोबर खाली गेलं. तिने दुसरी काडी घेतली. तिसरी घेतली. चौथीही बांधली.

लाज त्या क्षणी तिळाएवढी होती.

*

आषाढ सरत आला. येसूकाकी चारी रोपं पडवीच्या कडेला ठेवून त्यांची राखण करत होती. थेंब पडतील म्हणून आडोसा, वारा लागेल म्हणून आडोसा. तिने पाणी घातलं तेही झारीने, लांबून, हात न लावता. पण काड्यांच्या टोकावरचे पालवीचे टपोरे डोळे आधी मिटले, मग सुकले, मग काळे पडले. एक काडी, दुसरी काडी. जणू चार समया एका पाठोपाठ शांत झाल्या.

ती एक रोप घेऊन द्रौपदीकडे आली. रागाने नव्हे. तिच्या चेहऱ्यावर एक भयंकर समजूतदारपणा होता.

"माका म्हायत होता गो," ती म्हणाली. "माझ्या हातात कायच जगणा नाय. तू उगीच धरूक लावलंस."

पाणी वळचणीवरून ठिबकत होतं. द्रौपदीच्या हातात तांदळाचं सूप होतं. बोलायची जागा ती, वेळ ती, समोर माणूस ते. आणि द्रौपदी पुटपुटली की पावसाचं काही सांगता येत नाही काकी, यंदा हवाच दमट. तांदूळ निवडायला तिने मान खाली घातली. येसूकाकी परतली. ते काळं रोप ती दारातच विसरली, की मुद्दाम ठेवून गेली, कोण जाणे.

त्या संध्याकाळी द्रौपदीने पट्टी सोडली. आत पाचर आणि चीर एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या, दोघींच्या मधे ती खोलण, आणि खोलणीत बुरशीचा पांढरा कापूस.

मग लाज वाढू लागली. ती भाकरीच्या पिठात आली, ती पाणवठ्यावर आली. लाल डबी कोनाड्यात होती. तिचा लाल रंग कुंकवासारखा वाटे आणि जखमेसारखाही. वाडी काही वाईट बोलली नाही. वाडी हळहळली. बिचारीच्या हाताला गुणच नाही, असं मऊ आवाजात म्हणाली. मऊ आवाजातलं ते बोलणं येसूकाकीच्या अंगणापर्यंत पोचत होतं, आणि येसूकाकी मान डोलवत होती.

श्रावणात एका घरी बारसं होतं. पाळण्याला झेंडूचे तुरे, बायकांच्या केसांत जाई, घुगऱ्यांचा वास. पाळण्याची दोरी एकीकडून दुसरीकडे जात होती. जी तिला हात लावी, ती एक ओवी म्हणे. दोरी येसूकाकीपाशी आली. पूर्वी काकी ती दोरी घेत असे, दोन रिते पाळणे उरात ठेवूनही घेत असे, आणि सर्वांत गोड ओवी तिची असे. आज तिने दोन्ही हात पदरात गुंडाळले. एक पाऊल मागे सरली. नको बाई, म्हणाली, लेकराला माझा हात नको.

दोरी पुढच्या बाईकडे गेली. ओवी थांबली नाही. पाळणा हलतच राहिला.

द्रौपदीच्या हातातल्या घुगऱ्या तशाच राहिल्या. आता ती लाज तिळाएवढी नव्हती. ती घराएवढी होती, आणि द्रौपदी तिच्या आत राहत होती.

*

दुसऱ्या दिवशी तिने रांजण रिता केला आणि निसणा बाहेर काढला. त्याच्यावर शेवाळाची हिरवी मखमल चढली होती. तिने ती वाळूने घासून काढली. दगडाची पाठही सारखी केली, कारण वाकड्या दगडावर सरळ पातं होत नाही. मग ती दारात पाट टाकून बसली.

धार आणणं सोपं होतं. अवघड होतं ते चुकीची धार घालवणं. डबीने सपाट बाजूला जो बारीक उतार कोरला होता, तो जाईपर्यंत सबंध ती बाजू झिजवायची. तळ्यात पडलेला खळगा बुजवायला सगळं तळंच खाली न्यायचं. ओंजळीतलं पाणी, पाण्यावर लोखंड, लोखंडावर तीन बोटं. काळं पाणी पाटावरून ओघळलं, अंगणात उतरलं. मनगटातली कळ कोपरात आली, कोपरातली खांद्यात. तिने ती येऊ दिली. ओठांवर नकळत शब्द आले, जात्यावरच्या चालीचे:

ओंजळीचं पाणी बाई, काळ्या निसण्याला,
लोखंडाची लाज माझी लागे पुसण्याला.

दुपारी थोडं, सकाळी थोडं. पातं अरुंद झालं, पण त्याची सपाट बाजू परत सपाट होऊ लागली. कधी मधे ढग फाटत, ऊन पडे, आणि त्या बाजूत द्रौपदीला आपलं तोंड दिसे. ती चटकन सुरी उलटी करी.

मग उताराची बाजू. कोन एकच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. लव उमटली, अंगठ्याला ती मांजराच्या जिभेसारखी लागली. सपाट बाजू निजवून ती लव एका हलक्या फिरवणीने उतरवली. नवऱ्याच्या जुन्या कमरपट्ट्यावर पातं चार वेळा मागे ओढलं. तिने कागद चिरून पाहिला नाही. केस उतरवून पाहिला नाही. कुंपणातली आंब्याची फांदी घेतली, तिरपी कापली, कापलेले दोन्ही तुकडे पुन्हा एकमेकांवर टेकवले आणि आकाशाकडे धरले.

उजेड आला नाही. कुठूनच आला नाही.

तोवर तिने आणखी एक काम गुपचूप केलं होतं. बिटकीच्या पाण्यावर झुकलेल्या फांदीला काही कोवळे शेंडे उरले होते. ओहोटी साधून, चिखलात मांडीपर्यंत उतरून, तिने त्यांची पानं खुडून ठेवली होती, म्हणजे डोळे फुगतील, काड्या तयार होतील. सुरी तयार झाली. काड्या तयार झाल्या. तयार नव्हती ती फक्त जीभ. आणि जिभेला निसणा नसतो.

*

नारळी पौर्णिमा जवळ आली होती. खाडी भरून, उजळून, पोटुशी बाई चालावी तशी सावकाश चालत होती. येसूकाकी पडवीत सुंभ वळत बसली होती. काथ्याचे दोन पदर तिच्या तळव्यांत एक होत होते. द्रौपदी पायरीशी उभी राहिली. आत ये म्हटल्यावरही आत आली नाही.

"काकी, तुमच्या हाताक काय झाला नाय," ती म्हणाली. "माझी सुरी चुकली. आणि माका ता त्याच दिवशी कळला होता."

मग तिने सगळं सांगितलं. डबी, दोन चकत्या, वळलेलं पातं, उजेडाचा धागा, त्याच्यावर ओढलेली पट्टी, आणि आता फडक्यात आणलेल्या बिटकीच्या नव्या काड्या. सांगताना ती पायरीवरच्या मुंग्यांकडे पाहत होती. मुंग्या अंडी उचलून वर नेत होत्या.

सुंभ थांबला. मग येसूकाकी बोलली, आणि तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त खोल गेला.

"मगे इतके दिवस मी ह्या हातांका बोल लावलंय, त्याचा काय करू? बारशाक दोरी सोडलंय, ती खयसून आणू?" ती थांबली. "पट्टी आवळलंस, तशी जीब पण आवळलंस, द्रौपदे."

द्रौपदीने क्षमा मागितली नाही. मागायलाही काही हक्क लागतो असं तिला वाटलं. ती नुसती उभी राहिली, भिजलेल्या पोत्यासारखी, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी पायरीवर पडलं तेव्हा मुंग्यांनी वाट बदलली.

येसूकाकी उठली. गुडघ्यावर हात टेकून, हळू. मागच्या दारी ठेवलेली उरलेली कोयीची रोपं तिने आणली. काड्या मागितल्या. द्रौपदीने ओल्या फडक्यातून त्या काढल्या आणि पाट घ्यायला वाकली, तोच तो म्हातारा तळवा तिच्यासमोर उघडा झाला.

"सुरी दी हय."

द्रौपदीने सुरी दिली. रोप तिने धरलं. बांधणारीने धरायचं आणि घरधनिणीने कापायचं, असं त्या वाडीत कधी झालं नव्हतं.

येसूकाकीच्या हाताला सुरीची सवय नव्हती. पण सपाट बाजू लाकडाला टेकली आणि सुरी सरळ गेली. नवख्या हातालाही तिने सरळ नेलं. पाचर उतरली, ओल्या चंदनासारखी गुळगुळीत. एकदा पातं निसटून अंगठ्याला लागलं. येसूकाकीने अंगठा तोंडात घातला, थुंकली, आणि परत कामाला लागली. काडी चिरेत बसली. तिने रोप आपल्या हातात घेतलं, आकाशाकडे धरलं, एक डोळा मिटून बघितलं, द्रौपदीसमोर नेलं, तिलाही बघायला लावलं. पट्टी मात्र तिला नीट येईना. वेढे वाकडे गेले, गाठ सुंभाला मारतात तशी बसली. द्रौपदीने हात पुढे केला. येसूकाकीने तो मनगटाने बाजूला सारला.

पुढच्या काड्या द्रौपदीने बांधल्या.

*

पिठोरी अमावास्येच्या भर दुपारी, उधाणाच्या भरतीत, बिटकी गेली. मोठा आवाज झाला नाही. दमलेल्या माणसाने अंथरुणावर अंग टाकावं तशी ती पाण्यावर आडवी झाली, आणि तिची पानं बराच वेळ लाटांबरोबर हलत राहिली. वाडी काठावर लोटली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

येसूकाकी काठावर आली नाही. ती पडवीत रोपांजवळ बसून होती.

द्रौपदी रोज त्या घरावरून जाई. कुंपणापर्यंत पोचे आणि पाय तिथे मुळं धरत. आत जायला तोंड नव्हतं, परत जायला पाठ नव्हती. वईच्या फटीतून ती पडवीतल्या पिशव्यांकडे पाही. तिने बांधलेल्या काड्या हिरव्या होत्या; त्यांची तिला फिकीर नव्हती. तिची नजर त्या वाकड्या गाठीच्या काडीवर खिळे. ती हिरवीही नव्हती, काळीही नव्हती. ती नुसती होती.

भाद्रपद आला. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. आघाड्याच्या आणि तेरड्याच्या पत्री विहिरीच्या काठी सुकू लागल्या. पाऊस विरळ झाला; दोन सरींच्या मधे सोनं पडू लागलं.

अशाच एका सोनेरी सकाळी ती कुंपणापाशी उभी होती. आतून आवाज आला, ओळखीचा, कोरडा.

"ये गो. भायर कित्याक उभी?"

ती गेली. पडवीच्या वरच्या पायरीवर येसूकाकी बसली होती, तिच्यासमोर ती पिशवी. वाकड्या गाठीच्या वर, फुगल्या डोळ्यातून, एक पान अर्धं उलगडलं होतं. तांबूस, पारदर्शक, ओलं. त्याच्यातून ऊन गेलं की आतल्या शिरा दिसत होत्या, रक्ताच्या धाग्यांसारख्या.

येसूकाकीने पदरातून हात बाहेर काढला. पानाला लावला नाही. पानाच्या खाली धरला, उघडा, उताणा, आणि पानाची सावली तळव्यावर पडली तिथे ती पाहत बसली.

द्रौपदी खालच्या पायरीवर बसली. तिला वर, काकीच्या तोंडाकडे, पाहवलं नाही. तिने फक्त तो तळवा पाहिला, त्याच्यावरच्या बारीक रेघा पाहिल्या, त्या रेघांवर थरथरणारी ती तांबडी सावली पाहिली. खाडीवरून वारा आला. पान हललं, सावली हलली. हात हलला नाही.